खाटेवरच्या माणसाचा आहार
(सायखेडा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला, की तो पगार, महागाई आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती बहुतेक वेळा खरीही ठरते. आज मात्र आम्ही एका आजाराबद्दल, आणि त्याहून अधिक त्या आजारातल्या माणसाच्या ताटाबद्दल बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही थोडेफार आले, ते युनियनच्या कचेरीत वेतनाच्या खटल्यांचे कागद वाचता वाचता आले. परंतु त्या कागदांनी एक गोष्ट आम्हांला पक्की शिकवली. माणसाला जगायला आणि राबायला किती अन्न लागते, याचा हिशेब मांडता येतो. आणि तो हिशेब मांडला नाही, तर दुसरा कोणीतरी आपल्या सोयीने मांडतो.

आजाराचे नाव मोटर न्यूरॉन डिसीज. मराठीत सांगायचे तर हालचालीच्या मज्जापेशींचा क्षय. आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात काही पेशी अशा असतात, की त्या स्नायूंना हुकूम देतात: हात उचल, पाऊल टाक, घास गीळ, श्वास घे. या आजारात त्या पेशी एकामागून एक मरतात. हुकूम देणारा गेला म्हणजे स्नायू रिकामा बसतो, आणि रिकामा बसलेला स्नायू झिजतो. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील शार्को या वैद्याने १८६९ पासून या आजाराचे नीट वर्णन करण्यास सुरुवात केली. अमेरिकेत लू गेरिग नावाच्या प्रसिद्ध बेसबॉल खेळाडूला तो १९३९ मध्ये झाल्याचे निदान झाले, आणि १९४१ मध्ये तो वारला. म्हणून तिकडे या आजाराला त्या खेळाडूचेच नाव पडले. आपल्यापैकी पुष्कळांनी स्टीफन हॉकिंग यांचे नाव ऐकले असेल. त्यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा आजार असल्याचे सांगण्यात आले. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईस आले, तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसलेला आणि यंत्रातून बोलणारा तो माणूस आपल्याकडच्या लोकांनी पाहिला. ते २०१८ पर्यंत जगले. परंतु हॉकिंग हा अपवाद होय. पाश्चात्य देशांत या आजाराचे बहुतेक रुग्ण लक्षणे दिसू लागल्यापासून दोन ते चार वर्षांत जातात.

आपल्या देशाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने तीस वर्षांत पाहिलेल्या ११५३ रुग्णांचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ निघाले. पाश्चात्य देशांत ते साठीच्या आसपास असते. म्हणजे तिकडे हा आजार निवृत्तीच्या उंबरठ्यावर गाठतो, आणि आपल्याकडे भर कमाईच्या वयात, मुलांची शिक्षणे चालू असताना गाठतो. त्याच अहवालात रुग्ण अधिक काळ जगतात, निम्म्याहून अधिक नऊ वर्षांच्या पुढे जातात, असेही दिसले. तेव्हा जितकी वर्षे अधिक, तितका रोजच्या घासाचा प्रश्नही अधिक लांबचा.

आता हा विषय आम्ही का घेतला, ते सांगतो. आमच्या युनियनचा एक सभासद होता. नाव सांगत नाही. ते त्याच्या कुटुंबाचे आहे. लेथवर काम करणारा, वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. प्रथम त्याच्या उजव्या हातातून पाना निसटू लागला. मग चकची चावी फिरवायला दोन्ही हात लागू लागले. कारखान्याने कामचुकारपणाची नोटीस दिली, आणि तिचे उत्तर आम्हीच लिहून दिले. पुढे निदान झाले, नोकरी सुटली, माणूस घरी बसला आणि वर्षाच्या आत खाटेला लागला. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्याची पत्नी त्याला पेज भरवीत होती. पातळ, पांढरी पेज. वर तुपाचा थेंब नाही. आम्ही सहज विचारले, "वहिनी, एवढंच?" त्या म्हणाल्या, "भाऊ, यांना आता लागतंच किती? पडूनच तर असतात. आणि जड खाल्लं तर पचायचं कसं?"

आम्ही मान डोलावली. मंडळी, ज्या माणसाने आयुष्यभर उष्मांकांचा हिशेब मालकांपुढे मांडला, त्याने त्या दिवशी मान डोलावली. काम नाही, तेव्हा भाकरी कमी, हे जे मालकाचे गणित आम्ही कधी मान्य केले नाही, तेच आपल्या माणसाच्या खाटेपाशी मुकाट्याने मान्य केले. पुढे काही आठवड्यांनी त्याला रुग्णालयात नेले, तेव्हा वजन भरले एक्कावन्न किलो. कारखान्याच्या जुन्या तपासणीच्या कार्डावर होते चौसष्ट. तेथील तरुण डॉक्टर आम्हांला म्हणाले, "यातलं काही आजारानं नेलं, पण काही उपाशी राहिल्यानं गेलंय." ते वाक्य ऐकल्यावर आम्ही वाचू लागलो. जे वाचले आणि जाणत्यांना विचारून पारखले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम निरोगी माणसाचा हिशेब पाहू. दक्षिणेत कुन्नूर येथे पोषणसंशोधनाची प्रयोगशाळा होती. तीच १९५८ साली हैदराबादेस गेली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे १९३५ ते १९४५ पर्यंत डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड हे संचालक होते. त्यांनी भारतीय माणसाच्या अन्नाची मोजमापे घालून दिली. त्यांच्याच सूत्राच्या आधारे १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे निकष ठरवले. कमावत्या पुरुषाला दिवसाला २७०० उष्मांक. एका कुटुंबात तीन एकके, म्हणजे पुरुषाचे १, पत्नीचे ०.८ आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६, वर्षाला कुटुंबामागे ७२ वार कापड, शिवाय घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. युनियनच्या माणसाला हे निकष पाढ्यासारखे पाठ असतात.

पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी रेषा २२५० उष्मांकांवर धरली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरज दिवसादिवसाला कमीजास्त होते, आणि निरोगी शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे, असे म्हणता येत नाही. हा वाद मोठा आहे आणि आज त्यात शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरता त्यातला एकच धागा घेऊ. शरीर जुळवून घेते, हे निरोगी शरीराविषयी झाले. ज्या शरीराची जुळवून घेण्याची व्यवस्थाच बिघडली आहे, त्याचे काय?

आपण सारे असे धरून चालतो, की माणसाचे स्नायू झिजले, हालचाल थांबली, तर त्याची गरजही त्याच मानाने उतरली पाहिजे. स्नायू हे शरीरातले मोठे खर्चिक खाते आहे. ते आटले तर खर्च आटायला हवा. तर्क बरोबर आहे. पण मोजणाऱ्यांनी जेव्हा रुग्णाच्या श्वासातील वायू मोजून प्रत्यक्ष खर्च काढला, तेव्हा हिशेब चुकला. सुमारे निम्म्या रुग्णांत विश्रांतीच्या अवस्थेतला खर्च अपेक्षेपेक्षा अधिक, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास अधिक, भरला. इंजिन बंद दिसते आणि तेल मात्र जळत राहते, असा हा प्रकार आहे.

असे का होते, याचे पूर्ण उत्तर अद्याप शास्त्राजवळ नाही. काही कारणे दिसतात. छातीचा पडदा दुबळा झाला, की उरलेले स्नायू प्रत्येक श्वासासाठी ओढाताण करतात. आपण सहज घेतो तो श्वास त्या माणसाला अंगमेहनत होऊन बसते. मरू घातलेल्या पेशींच्या स्नायूंत सतत फडफड चालते. पेशींच्या आत शक्ती तयार करणारे जे भाग आहेत, त्यांचे काम बिघडलेले आढळते. मेंदूत भूक आणि खर्च यांचा तोल राखणारी जी जागा आहे, तीही काही रुग्णांत आक्रसलेली दिसते. त्यामुळे खर्च वाढतो, आणि नेमकी त्याच वेळी भूक मंदावते.

आता आकडे समोर ठेवू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार ६५ किलोच्या निरोगी पुरुषाला बैठे काम असेल तर २११०, मध्यम मेहनतीचे असेल तर २७१०, आणि जड मेहनतीचे असेल तर ३४७० उष्मांक लागतात. म्हणजे बैठ्या माणसाला दर किलोस सुमारे ३२. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या आजाराच्या, स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णांसाठी ढोबळ माप सांगितले, ते दर किलोस सुमारे ३०. शक्य तिथे प्रत्यक्ष मोजावे, मोजण्याचे साधन नसेल तर हे धरावे, असा त्यांचा सल्ला आहे. बत्तीस आणि तीस! याचा अर्थ असा, की ज्याला आपण खाटेवर पडलेला, न हलणारा म्हणतो, त्याला कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाच्या जवळजवळ बरोबरीने अन्न लागते. आमच्या त्या वहिनींची आणि आमची चूक नेमकी इथे झाली.

ही चूक किती महाग पडते तेही पाहा. साठ किलोच्या रुग्णाला ३० च्या मापाने १८०० उष्मांक लागतात. समजा, पेज, थोडी खिचडी आणि चहा मिळून त्याच्या पोटात १२०० गेले. रोजची तूट ६००. महिन्याची तूट १८ हजार. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. तेव्हा महिन्याला दोन किलोंहून अधिक वजन केवळ तुटीने जाते. घरातले म्हणतात, आजार बळावला. आजार बळावला हे खरेच. पण त्याच्या बरोबरीने चूलही थंडावली होती.

आणि वजन जाणे ही नुसती दिसण्याची बाब नव्हे. फ्रान्समधील लिमोज येथील वैद्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की कुपोषित रुग्णांत मृत्यूचा धोका इतरांच्या सातपटीहून अधिक होता. तेथल्याच २०११ च्या अभ्यासात असे दिसले, की निदानाच्या वेळी नेहमीच्या वजनात दर पाच टक्के घट असेल, तर धोका सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. आजार ज्याचा जोरात, त्याचे वजनही जास्त घटणार, हे आम्हांला कळते. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. तरी वजन घटू देऊ नका, याबद्दल वैद्यकात आज दुमत नाही.

मग हा माणूस खात का नाही? घरातले म्हणतात, हट्टीपणा करतो. मंडळी, त्याच्या जागी बसून पाहा. हात तोंडापर्यंत जात नाही. जीभ घास फिरवू शकत नाही. ओठ नीट मिटत नाहीत, लाळ गळते, आणि चारचौघांत जेवायची लाज वाटते. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेने श्वासनळीत जातो, ठसका लागतो, जीव घाबरा होतो. मग माणूस पाण्यालाच भिऊ लागतो. पाणी कमी म्हणून पोट साफ होत नाही, पोट साफ नाही म्हणून भूक नाही. जेवणाला तास लागतो, अर्ध्यावर मान गळते, आणि ताट परत जाते. यातल्या प्रत्येक अडचणीला वेगळा उपाय आहे. हट्टी म्हटले, की सारे उपाय बंद होतात.

आपल्या घरांत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पथ्य. आजारी माणसाला हलके द्यावे, लंघन हे मोठे औषध, ही समजूत तापाच्या दोन दिवसांपुरती ठीक असेल. पण या आजारात तूप बंद, केळे थंड म्हणून बंद, दही कफ करते म्हणून बंद, वर कोणी उपवास धरायला सांगितला म्हणून एकादशी, असे करता करता ताटात पेज तेवढी उरते. पेज म्हणजे बहुतांशी पाणी. ज्याच्या घशातून दिवसाला मोजके घास उतरतात, त्याच्या प्रत्येक घासात ऐवज हवा. थोडक्यात पुष्कळ, हे सूत्र धरावे.

हा ऐवज बाजारातल्या महागड्या डब्यांतच असतो असे नाही. पंधरा ग्रॅम तूप, म्हणजे एक मोठा चमचा, १३५ उष्मांक. म्हशीच्या दुधाचा एक पेला, सुमारे २२०. एक मध्यम केळे, शंभराच्या आसपास. मूठभर शेंगदाण्यांचे बारीक कूट, दीडशेच्या पुढे. आता मघाची सहाशेची तूट आठवा. खिचडीवर दोन वेळा एकेक मोठा चमचा तूप, आणि एका पेल्या दुधाचे केळे कुस्करून केलेले शिकरण. झाले पाचशे नव्वद. तूट जवळजवळ भरली, आणि भांडे एक वाटीने वाढले. नाचणीची दाट खीर, मऊ गुरगुट्या भात, घोटलेले वरण, दाटसर पिठले, साखर घालून घट्ट दही, उकडून कुस्करलेला बटाटा, चालत असेल त्याला मऊ शिजवलेले अंडे, उन्हाळ्यात आमरस, हे सारे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. डाळ, दूध, अंडे यांतून प्रथिने जातात, तीही हवीत. मधुमेह किंवा दुसरा विकार बरोबर असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

काय टाळावे, तेही सांगतो. कोरडे आणि भुगा होणारे: चिवडा, लाह्या, कोरडी भाकरी. दाणेदार: डाळिंब, कच्चे शेंगदाणे. आणि ज्यात पातळ व घट्ट दोन्ही असते ते, जसा फोडींचा रस्सा. कारण रस आधी पळतो आणि फोड मागे राहते. पुष्कळांना घट्ट पदार्थापेक्षा साधे पाणीच अधिक त्रास देते. त्यांना ताक, सूप, आंबील दाटसर करून द्यावी लागते. माणसाला ताठ बसवावे, घास लहान द्यावा, एक घास उतरल्यावर दुसरा द्यावा, जेवताना त्याला बोलायला लावू नये, टीव्ही बंद ठेवावा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. हनुवटी थोडी खाली घेतल्याने पुष्कळांचा ठसका कमी होतो. पण कोणाला कोणती बैठक सोसते, ते गिळण्याच्या उपचारांचा जाणकार पाहून सांगतो. एकदा तरी त्याच्याकडे न्यावे. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान जेवणे करावी.

आता नळीची गोष्ट. गिळणे फारच अवघड झाले, की पोटाच्या भिंतीतून थेट जठरात एक लहान नळी बसवतात आणि तिच्यातून पातळ अन्न देतात. आपल्याकडे नळी म्हटली की घरात रडारड होते. नळी लागली म्हणजे माणूस संपला, अशी समजूत आहे. त्यामुळे लोक शेवटपर्यंत थांबतात, आणि थांबण्यानेच ती धोक्याची होते. श्वासाची ताकद निम्म्याच्या खाली जाण्याआधी ती बसवावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. ब्रिटनमधील २४ रुग्णालयांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की निदानानंतर दहा टक्क्यांहून अधिक वजन गमावल्यावर ज्यांना नळी बसवली, ते इतरांपेक्षा कमी जगले. नळी असली तरी सोसेल तो चवीपुरता घास तोंडाने घेता येतो. नळीने आजार बरा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि आणखी एक: ती हवी की नको, हे त्या माणसाने ठरवायचे आहे. बोलता येत नाही म्हणून त्याचे मत नाही, असे होत नाही. डोळ्यांच्या खुणेने होय-नाही घ्या, पण विचारा.

आम्ही चळवळीतली माणसे, घोषणा करण्याची सवय लागलेली. म्हणून स्वतःलाच आवर घालून सांगतो, की अन्न हे या आजाराचे औषध नव्हे. अमेरिकेत २०१४ साली नळीने खाणाऱ्या चोवीस रुग्णांवर प्रयोग झाला. जास्त उष्मांकांचे पिष्टमय अन्न ज्यांना दिले, त्यांच्यात मृत्यू कमी झाले. पण चोवीस म्हणजे अगदीच थोडे. जर्मनीत दोनशे एक रुग्णांना घेऊन मोठा प्रयोग झाला. काहींना रोज ४०५ उष्मांकांचे स्निग्ध पेय दिले, काहींना नुसते तसेच दिसणारे. त्याचा निकाल २०२० मध्ये आला: सर्वांचा विचार करता आयुष्य वाढले, असे सिद्ध झाले नाही, ज्यांचा आजार वेगाने वाढत होता, त्यांना उपयोग झाला असावा, एवढे दिसले. तेव्हा कोणी अमुक काढा, तमुक पावडर घेऊन हा आजार बरा होतो असे सांगत असेल, तर शेत गहाण टाकू नका. रिलुझोलसारखे औषध आजाराची गती थोडी कमी करते. बरा करणारे औषध आज नाही. परंतु बरा होणार नाही, याचा अर्थ उपाशी राहावे, असा कोणत्या शास्त्रात लिहिला आहे?

येथून आम्ही आमच्या मूळ धंद्यावर येतो. हा एक तासाचा घास भरवतो कोण? बहुधा घरातली बाई. सहा वेळा भरवायचे म्हटले, की तिचा दिवस संपला. द्राक्षाच्या बागेतली किंवा कांद्याच्या खळ्यावरची तिची मजुरी बुडाली. घरातली एक कमाई आजाराने गेली, दुसरी शुश्रूषेने गेली. १९५७ च्या हिशेबात कमावता, पत्नी आणि दोन मुले धरली. खाटेवरचा माणूस त्यात नव्हता. १९९१ साली रेप्टाकॉस ब्रेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत असे म्हटले, तेव्हा आजारपण प्रथमच हिशेबात आले. पुढे २०१९ मध्ये सरकारच्या तज्ज्ञ समितीने कुटुंबाची एकके ३ वरून ३.६ करा असे सुचवले, पण उष्मांक मात्र २७०० वरून २४०० वर आणले. एका हाताने वाढले, दुसऱ्या हाताने काढले.

कायद्याचीही माहिती ठेवा. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवस सुमारे सत्तर टक्के वेतन मिळते, आणि ठरावीक दीर्घ आजारांच्या यादीतील रुग्णांना पुढे दोन वर्षांपर्यंत ऐंशी टक्के. यादीतल्या कोणत्या नोंदीखाली आपला आजार बसतो, हे पाहण्यासाठी डॉक्टरांचा कागद काळजीपूर्वक लिहून घ्यावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांचा समावेश आहे. आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेने माणसाला काढू नये, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, असे त्यात म्हटले आहे. खाजगी कारखान्यातल्या कामगाराला हे संरक्षण तसे नाही. आमच्या सभासदाला ते मिळाले नाही. ते मिळावे, ही मागणी आम्ही सोडलेली नाही.

शेवटी गावाला दोन-तीन गोष्टी सुचवतो. आपल्या बाजारात कांद्याची गाडी काट्यावर चढल्याशिवाय पुढे सरकत नाही. घरातल्या आजारी माणसाचे वजन मात्र कोणी करीत नाही. उभे राहता येत नसेल, तर खुर्चीसकट मोठ्या काट्यावर बसवा, खुर्चीचे वजन वजा करा, आणि महिन्याला एकदा दिनदर्शिकेवर लिहा. पूर्वीच्या वजनाचा दहावा हिस्सा जाईपर्यंत थांबू नका. वीस भाग करून त्यातला एक गेला, की डॉक्टरांना दाखवा. दुसरे, भरवण्याची पाळी लावा. आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्याने तासभर दिला, तर त्या बाईला श्वास घ्यायला मिळेल. तिसरे, २०१६ साली आणि पुन्हा २०१९ साली गोदावरीने या गावाला काय दाखवले, ते आपण विसरला नाहीत. पुराच्या यादीत, कोणत्या घरात न हलणारा माणूस आहे आणि तो काय गिळू शकतो, एवढे लिहून ठेवा. मदतीच्या पुड्यांत चिवडा आणि बिस्किटे येतात. ती त्याच्या घशात अडकतात.

आमचा तो सभासद पुढे दोन वर्षे जगला. नळी त्याने स्वतः मागून घेतली. पाटीवरच्या अक्षरांवर नजर फिरवून मागितली. वजन एक्कावन्नचे पंचावन्न झाले, आणि बरेच महिने तिथे टिकले. त्या महिन्यांत मुलीची बारावी झाली, आणि तिचा निकाल त्याने ऐकला. वहिनी एकदा आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, आधी कुणी सांगितलं असतं तर?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आम्ही आता न विचारता सांगत सुटलो आहोत, आणि आज आपल्यालाही सांगितले.

काम करील त्याला भाकर, हा नियम आपण यंत्रासाठी ठेवू; यंत्र बंद असले, की तेल घालीत नाहीत. माणसाच्या भाकरीवर मात्र त्याच्या जिवंत असण्याचाच हक्क आहे.